नाट्यशाळेतले पहिले धडे : गळा, पाठ आणि पाय

येत्या ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवले, त्याची ही आठवण. आपला जिल्हा तसा नाटकवेडाच. दिवाळीच्या आगेमागे हौशी मंडळांच्या तालमींना जोर चढतो, राज्य नाट्य स्पर्धा तोंडावर येते आणि माझ्या दवाखान्यात ठरावीक मंडळी दिसू लागतात. घसा बसलेला नायक, कंबर धरून आलेला नेपथ्यवाला, बोटे भाजलेला दिवेवाला, दाढीच्या गोंदाने हनुवटी लाल झालेला राजा! त्यांना गोळ्या-मलमे देता देता माझी तीस वर्षे गेली. पण यातले बहुतेक दुखणे टाळता येते आणि कसे टाळायचे ते नाट्यशाळेत अगदी पहिल्या वर्षापासून शिकवतात, हे मला फार उशिरा कळले. आजचा लेख त्याविषयी आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

१९९८ सालची गोष्ट. आमच्या गावचे एक प्राथमिक शिक्षक उत्तम नट होते. त्यांना आपण नुसते ‘गुरुजी’ म्हणू. स्पर्धेच्या प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी ते दवाखान्यात आले. दिवसभर शाळेत शिकवणे आणि रात्री बारापर्यंत तालीम, असे पंधरा दिवस चालले होते. त्यात सर्दी झालेली. आवाज पार बसला होता. खुणेनेच बोलत म्हणाले, “डॉक्टर, उद्याचा एक दिवस काढून द्या. पुढे काय व्हायचं ते होऊ दे.”

मी तरुण होतो, नाटकाची आवड होती, गावाची इज्जतही डोळ्यांपुढे होती. मी त्यांना स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले. अंग दुखते म्हणाले म्हणून ॲस्पिरिनची गोळीही दिली. दुसऱ्या दिवशी आवाज मोकळा झाला. गुरुजींनी दोन अंक जीव तोडून केले. तिसऱ्या अंकात एका आरोळीबरोबर आवाज चरकन तुटला आणि रात्री घरी पोचेपर्यंत तोंडातून नुसती हवा येऊ लागली. मिरजेला कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासले, तर स्वरतंतूत रक्तस्राव झालेला. पुढे तिथे गाठ धरली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि गुरुजींची कित्येक महिने रजा झाली. ज्याची भाकरीच आवाजावर, त्या माणसाचा आवाज गेला. परत आला तो खरखरीत. रंगमंचावर ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

चूक माझी होती. सुजलेले स्वरतंतू विश्रांती मागत होते. इंजेक्शनाने सूज दबली, म्हणजे धोक्याची घंटा बंद झाली, पण धोका तसाच राहिला. वर ॲस्पिरिनमुळे रक्तस्रावाचा संभव वाढला. स्वरतंतू दुर्बिणीने पाहिल्याशिवाय असे इंजेक्शन देऊ नये, हे मी त्या दिवशी शिकलो. गुरुजींनी मला कधी दोष दिला नाही. म्हणूनच तो अजून बोचतो.

आता गेल्या मे महिन्याकडे येतो. नाट्यशाळेत तीन वर्षे शिकून आलेल्या आमच्याच गावच्या एका तरुणाने हायस्कूलच्या सभागृहात पंधरा दिवसांचे शिबिर घेतले. “डॉक्टरकाका, एक दिवस तासभर प्रथमोपचार सांगायला या,” म्हणाला. मी एका दिवसासाठी गेलो आणि पंधराही संध्याकाळी बसलो. पहिले चार दिवस त्याने मुलांच्या हाती नाटकाचे पुस्तकच दिले नाही! श्वास घ्या, चाला, पडा, उठा, शिडी धरा, दोरीची गाठ मारा. मुले कंटाळली. मला मात्र वाटले, हा तर माझाच विषय आहे.

नाट्यशाळा म्हणजे काय?

दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीने सुरू केले आणि १९७५ पासून ती स्वायत्त संस्था आहे. तिथे तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम असतो. १९६२ ते १९७७ या काळात इब्राहिम अल्काझी तिचे संचालक होते. त्यांचा जन्म पुण्याचा. त्यांच्या शिस्तीत विद्यार्थ्याला पडद्यापुढचे आणि पडद्यामागचे दोन्ही शिकावे लागे. आपल्या रोहिणी हट्टंगडी तिथेच शिकल्या. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचीही नाट्यअकादमी आहे. अशा ठिकाणी अभिनयाबरोबर योग, शरीरसंचलन, आवाज व उच्चार, नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा आणि रंगभूषा हे विषय असतात. ‘अभिनय काय, तो अंगातच असावा लागतो,’ असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की कुस्ती अंगात असली तरी पैलवान तालमीत का जातो?

हा विचार काही परका नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : वाचिक, आंगिक, आहार्य आणि सात्त्विक. म्हणजे वाणीचा, शरीराचा, वेश-रंगभूषेचा आणि मनाचा. याच क्रमाने आरोग्याचे धडे पाहू.

पहिला धडा : वाणी

आपल्या स्वरयंत्रात दोन नाजूक पडदे असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. बोलताना ते एकमेकांवर आपटतात. पुरुषाचे सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा आणि स्त्रीचे २०० च्या आसपास. म्हणजे एक मिनिट बोललात तरी हजारो टाळ्या वाजल्या. ओरडताना हीच टाळी जोरात बसते. तळहाताला घट्टे पडतात तशा मग स्वरतंतूंवर गाठी येतात.

नाट्यशाळेतला पहिला नियम असा, की आवाज लांब पोचवायचा तो घशाच्या जोरावर नाही, श्वासाच्या जोरावर. शिबिरात मुलांना सतरंजीवर उताणे झोपवून पोटावर एकेक पुस्तक ठेवले होते. श्वास घेताना पुस्तक वर यायला हवे, छाती व खांदे उचलायला नकोत. हा श्वासपटलाचा श्वास. तो जमला की ‘स्स्स’ असा बारीक आवाज करत सावकाश सोडायचा. पहिल्या दिवशी बहुतेकांना दहा सेकंदही जमेना. पंधराव्या दिवशी वीसच्या पुढे गेले.

तालमीपूर्वी दहा मिनिटे हे करावे :

१) मान आणि खांदे हलके फिरवा. जबडा सैल सोडा. दोन-तीन मोठ्या जांभया द्या.
२) लहान मूल मोटारीचा आवाज काढते तशी ओठांची ‘ब्र्र्र’ करा. एक मिनिट पुरे.
३) पेल्यात बोटभर पाणी घेऊन त्यात शीतपेयाची नळी बुडवा आणि नळीतून ‘ऊ’ म्हणा. बुडबुडे येत राहिले पाहिजेत. यात स्वरतंतूंवर कमी ताण पडून त्यांचा व्यायाम होतो.
४) तोंड मिटून ‘म्म्म’ असा गुंजारव करा. ओठांना, नाकाला मुंग्या आल्यासारखे वाटले पाहिजे. घशात ओढ बसली तर पट्टी खाली आणा.
५) मग आ, ई, ऊ, ए, ओ हे स्वर आणि शेवटी आपली वाक्ये, आधी हळू, नंतर मोठ्याने.

तालीम संपल्यावरही दोन मिनिटे गुंजारव करून आवाज खाली उतरवावा. घोडा पळवून आणल्यावर जागेवर लगेच बांधत नाहीत, तसेच हे.

बाकी पथ्य सोपे आहे. तालमीत दर वीस-पंचवीस मिनिटांनी घोटभर पाणी प्या. सारखे खाकरू नका, त्यानेही स्वरतंतू आपटतात. घसा बसल्यावर कुजबुजून बोलणे म्हणजे विश्रांती, हा गैरसमज आहे. कुजबुजण्यानेही ताण पडतो. गप्प बसणे हीच खरी विश्रांती. मध्यरात्री तालीम संपवून मिसळ-भजी खाऊन लगेच आडवे होऊ नका. पोटातले आम्ल वर येऊन स्वरयंत्राला भाजते आणि सकाळी आवाज जड होतो. थंडगार पेपरमिंटची गोळी बरे वाटवते, बरे करत नाही. साध्या सर्दीने आवाज बसला तर प्रतिजैविकांचा म्हणजे अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. वाफ, पाणी आणि मौन हेच औषध. रोज आलटून पालटून सगळ्या अंकांची तालीम पूर्ण आवाजात करायची गरज नसते. अर्ध्या आवाजात हालचालींची तालीम करता येते, नाट्यशाळेत तशी करतातही.

आणि महत्त्वाचे. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासून घ्याच. तंबाखू, विडी, गुटख्याची सवय असेल तर इतकीही वाट पाहू नका. घशाच्या कर्करोगाची पहिली खूण पुष्कळदा एवढीच असते. गळ्यातून रक्त आले, गिळताना दुखले किंवा ओरडताना आवाज एकदम तुटला, तर त्याच दिवशी दाखवा. डॉ. श्रीराम लागू हे मूळचे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते आणि १९६९ पासून ते पूर्णवेळ रंगभूमीकडे वळले, हे अनेकांना ठाऊक असेल. ज्यांनी इतरांचे गळे तपासले त्यांनीच पुढे ‘नटसम्राट’ उभा केला. गळ्याचे मोल ओळखूनच अभिनय करावा, हे सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

दुसरा धडा : शरीर

नाट्यशास्त्रातही नटाने अंगाला तेल लावून व्यायाम करावा, पौष्टिक अन्न घ्यावे असे सांगितले आहे. आपल्याकडे मात्र कामावरून सुटलेला नट घाईघाईने येतो, चपला काढतो आणि थेट मारामारीच्या प्रवेशाला उभा राहतो. मग पोटरी लचकते, पाठ धरते.

नाट्यशाळेत पडायलाही शिकवतात. धाडकन गुडघ्यावर, कोपरावर किंवा हात टेकून पडू नये. हात टेकला की मनगट मोडते. आधी गुडघे वाकवून खाली यायचे, मग मांडी, कुल्ल्याचा मांसल भाग आणि शेवटी खांद्याची बाजू जमिनीला लावायची. डोके आत घ्यायचे. पहिले कित्येक दिवस गादीवर आणि अगदी सावकाश. प्रेक्षकाला वाटते माणूस कोसळला. प्रत्यक्षात तो टप्प्याटप्प्याने बसलेला असतो.

तीच गोष्ट थपडेची. ‘खरी मारली तरच रंग भरतो’ या समजुतीपायी कानाचा पडदा फाटलेले दोन नट मी पाहिले आहेत. उघड्या तळव्याची थप्पड कानावर बसली की हवा दाबली जाऊन पडदा फाटू शकतो. खोट्या थपडेत दोघांत अंतर असते, दोघे आधी डोळ्याला डोळा देतात, हात चेहऱ्यापुढून जातो आणि आवाज कुणीतरी टाळी वाजवून काढतो. लुटुपुटीच्या तलवारीलाही टोक नको, आणि वार डोळ्यांच्या उंचीवर कधीच नको.

तिसरा धडा : रंग आणि वेश

पूर्वी सफेदा, हिंगूळ असे पदार्थ तोंडाला लावत. त्यांतून शिसे, पारा अशी विषारी द्रव्ये अंगाशी येत. आता तयार रंग मिळतात, पण जुनी पेटी अजून कुठे कुठे निघते. ती टाकून द्या. नवा रंग किंवा दाढी-मिशीचा गोंद प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दोन दिवस पाहा. खाज किंवा लाली आली तर तो तुमच्यासाठी नाही. काजळाची एकच कांडी सगळ्यांच्या डोळ्यांत फिरवू नका. एकाचे डोळे आले की प्रयोगाच्या दिवशी सगळ्यांचे आलेले असतात. झोपण्यापूर्वी खोबरेल तेलाने रंग काढा आणि मग तोंड धुवा.

धुराच्या बाबतीतही जपावे. धूप-लोबानाच्या धुराने दम्याचा झटका येऊ शकतो. कोरड्या बर्फाचे तापमान उणे ७८ अंश असते, उघड्या हाताने धरला तर कातडी भाजल्यासारखी होते. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. तेव्हा ‘मेलेल्या’ नटाला त्यात निजवून ठेवू नका.

चौथा धडा : मन

रडण्याचा, खुनाचा, अपमानाचा प्रवेश रोज रात्री करायचा आणि तसेच घरी जायचे, याचा मनावर परिणाम होतो. झोप लागत नाही, चिडचिड होते. नाट्यशाळांतून भूमिका ‘उतरवायला’ही शिकवतात. वेश बदला, हात-तोंड धुवा, गोल करून बसा, एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारा, चार इकडच्या तिकडच्या गोष्टी बोला आणि मग घरी जा. पाच मिनिटे लागतात. ती उतरवण्यासाठी दारूचा पेला मात्र नको. आजवर त्या वाटेने किती गुणी नट गेले, हे मी नव्याने सांगायला नको.

पाचवा धडा : पडद्यामागे

टाळ्या नटाला मिळतात आणि पडतो तो बॅकस्टेजवाला. काही वर्षांपूर्वी एका मंडळाचा एकोणीस वर्षांचा मुलगा स्टुलावर स्टूल ठेवून दिवा बांधायला चढला आणि टाचांवर पडला. मित्रांनी काखेत हात घालून त्याला उचलला आणि मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून माझ्याकडे आणला. टाचेचे हाड मोडले होते आणि मणकाही दबला होता. उंचावरून टाचांवर पडले की या दोन्ही इजा पुष्कळदा जोडीने होतात. मज्जारज्जू वाचला हे त्याचे नशीब. पडलेल्या माणसाला ओढू नका, बसवू नका. मान न हलवता तिथेच झोपवून १०८ ला फोन करा.

शिबिरात शिकवलेले काही नियम असे. भिंतीला टेकवलेली शिडी चार फूट उंचीला एक फूट पुढे सरकवून ठेवावी, खाली एकाने धरावी आणि चढणाऱ्याचे दोन पाय व एक हात किंवा दोन हात व एक पाय कायम शिडीवर असावेत. पायात घट्ट बूट हवेत, स्लिपर नकोत. लेव्हल उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांतून वाका. वर कुणी काम करत असेल तर खाली कुणी उभे राहू नये. ब्लॅकआउटमध्ये डोळ्यांना अंधार सरावायला वेळ लागतो, म्हणून पायऱ्यांच्या कडांना पांढरी पट्टी लावावी आणि विंगेत आलेल्याने काही क्षण थांबूनच हलावे.

विजेचे गणित सोपे आहे. १००० वॉटचा एक दिवा २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या जवळपास वीज ओढतो. घरगुती साधा प्लग ६ अँपिअरचा. त्यावर असे दोन दिवे लावले की वायर तापणारच. उघड्या वायरी जोडून चिकटपट्टी गुंडाळणे बंद करा. अर्थिंग तपासा आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे स्विच बसवून घ्या. कुणाला धक्का बसला तर आधी मेन स्विच बंद करा, त्याला हात लावू नका. स्विच सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने वेगळे करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान दोन इंच खोल दाब देत राहा आणि दुसऱ्याने १०८ लावावा.

आगीविषयी एकच दाखला देतो. १९०३ च्या ३० डिसेंबरला अमेरिकेत शिकागोच्या इरोक्वाय नाट्यगृहात दिव्याच्या ठिणगीने पडद्याने पेट घेतला आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. नाट्यगृह ‘आगीपासून सुरक्षित’ म्हणून जाहिरात झालेले होते. पुष्कळ दरवाजे बंद होते, काही पडद्यांआड झाकलेले होते. आपल्या सभागृहात फुकटे शिरू नयेत म्हणून बाजूच्या दाराला कुलूप लावण्याची पद्धत आहे. ते कुलूप आधी काढा.

आणि सर्वांत मोलाचा नियम हा, की तालमीत धोका दिसला तर सर्वांत लहान पोरानेही ‘थांबा’ म्हणावे आणि दिग्दर्शकानेही थांबावे. त्यात कुणाचा अपमान नाही.

थोडक्यात

मंडळाला दिल्ली-पुण्याला जाणे जमेलच असे नाही. पण दहा मिनिटे आवाज, दहा मिनिटे शरीर, एक नीट शिडी, एक प्रथमोपचार पेटी आणि ‘थांबा’ म्हणायची मुभा, एवढे तर प्रत्येक तालमीला जमेल. खर्च म्हणाल तर नाटकाच्या एका झालरीहून कमी.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी गुरुजी आले होते. आता ते निवृत्त आहेत. मुलांबरोबर सतरंजीवर बसून त्यांनीही ‘म्म्म’ केले, खरखरीत आवाजातच. बाहेर पडताना मी म्हटले, “गुरुजी, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर...” त्यांनी मला पुरे बोलू दिले नाही. म्हणाले, “मलाही ठाऊक नव्हतं, डॉक्टर. आता पोरांना ठाऊक झालं ना?”

सध्या आमच्या मंडळाची तालीम चालू आहे. गुरुजी रोज कोपऱ्यात घड्याळ घेऊन बसतात. वीस मिनिटे झाली की हात वर करतात आणि नायकापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळे मुकाट्याने पाणी पितात. यंदा अजून एकाही नटाचा घसा घेऊन माझ्याकडे कुणी आलेले नाही.

(पुढील आठवड्यात : थंडी आणि दमा)